गिलाव्याखालचा हात

“तर मग हा गिलावा खरवडायला कधी घ्यायचा, अबूना?”

“आधी ती घागर इकडे सरकव, बाळा.”

बाळ चौसष्ट वर्षांचं होतं, आणि इंग्रज साहेब होतं. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात टाय, खिशात मोजपट्टी. त्याने घागर सरकवली. घागरी सरकवायची सवय नसल्यामुळे निम्मं पाणी त्याच्या बुटांत गेलं.

अबूना हद्रांनी उरलेलं पाणी चिखलावर ओतलं, त्यात दोन मुठी भुसा टाकला आणि काठी टेकून पायांनी गारा तुडवायला लागले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी होतं. नेमकं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“मी गिलाव्याचं विचारलं.”

“ऐकलं. कान अजून शाबूत आहेत... देवाचे आभार.”

“पुराणवस्तू खात्याचा कागद आलाय. सोमवारी मजूर येतील. वीस जण.”

“वीस? येऊ देत. देवाचे आभार.”

साहेब चिडला. ज्याचं घर आपण मोडायला निघालो आहोत त्यानेच आभार मानले, तर कोणीही चिडेल.

हे चाललं होतं इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या पश्चिम काठावर. विलायतेत तेव्हा व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. काठावर एक दगडी देऊळ होतं, तीन हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा फॅरो राजाने बांधलेलं. राजा गेला, त्याचे देव गेले, आणि देवळात वटवाघळं राहायला आली. मग कधीतरी त्या देशातले ख्रिस्ती साधू आले. आतल्या दालनाच्या भिंतींवर जुने देव रंगवलेले होते. साधूंनी त्यांच्यावर चिखलाचा गिलावा चढवला, कच्च्या विटांची वेदी रचली आणि प्रार्थना सुरू केली.

ती प्रार्थना बाराशे वर्षं थांबली नव्हती. आता मात्र साधू एकच उरला होता. अबूना म्हणजे ‘आमचे बाबा’. गावातली आठ-दहा ख्रिस्ती घरं त्यांना तसं म्हणत आणि रोजची भाकरी पोचवत.

दर हिवाळ्यात, नाताळाआधीच्या उपासात, अबूना त्या गिलाव्यावर नवा हात फिरवत. भेग दिसली की गाळ भरायचा, पोपडा दिसला की गारा लावायचा. आपल्याकडे सणाआधी घर सारवतात, तसंच ते.

साहेबाचं नाव अँब्रोज वेदरिल. त्याची ओळख दोन शब्दांत करून देता येणार नाही. तशी ती त्याने स्वतःही कधी करून दिली नव्हती.

“मी कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही अबूना, म्हणून तुम्हाला भीती वाटतेय,” तो म्हणाला.

“सांग की मग. गारा मुरायला वेळ आहे.”

साहेबाने सांगायला सुरुवात केली आणि गारा मुरून वर साय धरेपर्यंत सांगितलं.

सोळाव्या वर्षी तो चर्च बांधणाऱ्या एका नामांकित स्थपतीकडे उमेदवारीला लागला. सहा वर्षं नुसत्या कमानी काढल्या. पुढे तिशीत स्वतःचं काम सुरू केलं. अडतीस जुनी चर्चं दुरुस्त केली, अकरा नवी बांधली. बिशप त्याला जेवायला बोलवत. पुढे दगडाच्या धुळीने आणि लंडनच्या धुक्याने छाती धरली. डॉक्टर म्हणाले, पाऊस पडत नाही अशा देशात जा. म्हणून तो इजिप्तला आला. दुसरा कोणी वेताच्या खुर्चीत बसून सरबत प्यायला असता. हा मोजपट्टी घेऊन देवळांत शिरला. अकरा हिवाळे हेच केलं. फॅरोंची चित्रलिपी शिकला, अरबी शिकला, विद्वानांच्या सभेत खुर्ची मिळवली. माणूस कामाला वाघ होता, हे कबूल करायलाच हवं.

“जिथे गेलो तिथे नंतरच्या लोकांची ठिगळं काढली आणि मूळ वास्तू मोकळी केली,” साहेबाने आवरतं घेतलं. “लोक अजून आभाराची पत्रं लिहितात मला.”

“पुष्कळ उघडलंस,” अबूना म्हणाले.

“हो.”

“आणि झाकलंस काय?”

“म्हणजे?”

“पन्नासेक चर्चं केलीस... काही झाकलंस की नाही?”

साहेबाला वाटलं, म्हातारा छपरांबद्दल विचारतोय.

“छपरं घातली ना!”

अबूना हसले. तीनच दात होते, पण हसायला पुरत होते.

साहेबाला त्या दिवसांत खरवडण्याचं वेड होतं आणि तो एकटाच नव्हता. त्याच्या देशात तेव्हा फॅशनच होती. जुन्या चर्चमध्ये शिरायचं, शेकडो वर्षांचा चुना आणि गिलावा ओरबाडून काढायचा आणि उघडा दगड दाखवून म्हणायचं, बघा, हे खरं. आपल्याकडे दगडी देवळाला भडक ऑइल पेंट फासणारे असतात, तिकडे खरवडणारे होते. रोग एकच. जे आहे त्याला आहे तसं राहू द्यायचं नाही.

साहेब गेले अकरा दिवस रोज सकाळी अबूनांच्या प्रार्थनेला येत होता. भक्तीने नव्हे, वही घेऊन. उंबऱ्यात अबूना त्याला अडवत.

“हात धुऊन ये.”

“माझे हात स्वच्छ आहेत.”

“म्हणून तर.”

साहेब मनात चरफडत घागरीशी जाई आणि आपले पांढरेशुभ्र हात पुन्हा धुई. गावातले लोक शेतातून, म्हशींमधून उठून येत. त्यांना अबूना असं कधी सांगत नसत. ते आपापले धूत. साहेबाला मात्र रोज सांगत. साहेबाने हेही वहीत टिपून ठेवलं होतं.

“एक विचारू का?” साहेब आता म्हणाला. “तुमची प्रार्थना आभाराने सुरू होते. लग्न असो, मयत असो, आधी आभार.”

“हो.”

“आणि त्यात पहिले आभार कशाचे, तर देवाने आम्हाला झाकलं, याचे. मदत केली, राखलं, हे सगळं मागून येतं. झाकण्याला पहिला मान का?”

अबूनांनी गाऱ्यात बोट खुपसून पाहिलं.

“अजून भुसा लागेल,” ते म्हणाले.

साहेबाने भुसा आणून दिला. मग अबूनांचा दंड धरून त्यांना बाहेरच्या दालनात नेलं.

या दालनावर गिलावा नव्हता. उघड्या दगडात राजा, देव, बदकं, होड्या, सगळं कोरलेलं होतं आणि सगळं धुळीच्या रंगाचं होतं. साहेबाने भिंतीच्या कडेशी कोरलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथे काय लिहिलंय, सांगतो. ‘राजाच्या बांधकामांचा प्रमुख, ज्याने देवासाठी हे घर उभारलं, तो...’ आणि इथे भिंत वळते. ओळ आत जाते. तुमच्या गिलाव्याखाली.”

“नाव आत आहे?”

“नाव आत आहे.” साहेबाचा आवाज एकदम खाली आला. “तीन हजार वर्षं झाली, अबूना. तो माझा भाऊबंद आहे. त्यानेही देवाची घरं उभारली. राजाचं नाव शंभर ठिकाणी आहे, याचं एकाच ठिकाणी. जगात ते कोणालाच ठाऊक नाही. मला ते वाचायचंय.”

“त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?”

साहेब खोटं बोलणारा नव्हता.

“दोघांसाठी. माझी छाती आता फार हिवाळे काढायची नाही. अकरा वर्षं इथे घातली, आणि माझ्या नावावर नुसती मापं आहेत. हे एक मिळालं तर काहीतरी मागे ठेवून गेलो म्हणेन.”

अबूनांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्यांना ती वाचता येत नव्हती.

“मी तुमच्यासाठी गावात नवं चर्च बांधून देईन,” साहेब घाईने म्हणाला. “माझ्या खर्चाने. नकाशा तयार आहे. पक्क्या विटा, घुमट, सगळं.”

“त्याच्या गिलाव्याखाली काय असेल?”

“खाली? काही नाही. कोऱ्या विटा.”

“मग मी झाकू काय, बाळा?”

साहेबाने टोपी काढून कपाळ पुसलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं काहीतरी तो त्याच्या भाषेत पुटपुटला असणार.

“ज्यांनी हे झाकलं त्यांनी काही प्रेमाने झाकलं नव्हतं,” तो म्हणाला. “त्यांना या चित्रांचा राग होता. सैतान म्हणत होते ते याला.”

“हो.”

“चित्र दिसू नये म्हणून चिखल फासला त्यांनी!”

“हो... पण रंग राहिला.”

“तो योगायोग.”

“त्याचेही आभार.”

मग साहेबाचं एका शब्दाकडे लक्ष गेलं.

“रंग राहिला, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

अबूना खाली बसले, अगदी हळू, एकेक गुडघा मोडत.

“या दालनाचा रंग कोणी नेला असं वाटतं तुला?”

“काळाने.”

“मी नेला.”

साहेब त्यांच्याकडे वळला.

“मी तेव्हा पंचवीसचा होतो. साधू नव्हतो, गावात शेत करत होतो. तुझ्यासारखाच एक साहेब आला. कागद त्याच्याकडेही होता. इथल्या साधूंनी बाहेरचं दालन सोडलं आणि आत सरकले. आम्ही मजुरीने इथला गिलावा खरवडायला लागलो. सगळ्यांत जोर माझ्या हाताला होता. खालून रंग निघाला... काल दिल्यासारखा. तो साहेब नाचला. त्याने मला मिठी मारली. हजार वेळा आभार मानले माझे.”

“मग?”

“मग त्याने ओला कागद भिंतीवर थापला, ठसा उठवायला. कागद सुकला, सोलून काढला. रंग कागदाबरोबर निघून गेला. राहिला तो दोन हिवाळ्यांच्या वाऱ्याने नेला.”

साहेबाने भिंतीकडे पाहिलं. असे ओले कागद त्यानेही थापले होते, दुसऱ्या देवळांत. त्याच्या धंद्यातले सगळेच थापत. ते त्याने सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

“मग तुम्ही काय केलंत?”

“आत गेलो. गिलावा शिकायला.” अबूनांनी हात पुढे केला. “उठव मला.”

साहेबाने त्यांना उठवलं. अबूना थेट आत गेले, वेदीमागच्या कोनाड्यातून एक पातळ, बोथट सुरी घेतली आणि साहेबाच्या हातात दिली.

“वीतभर,” ते म्हणाले. “हवी तिथे. एकच वीत. आधी पाणी लाव, जिरू दे, मग कडेने उचल. ओरबाडू नकोस.”

साहेबाला आधी खरं वाटेना. मग मात्र तो झपाट्याने कामाला लागला. मोजपट्टी काढली, ओळंबा सोडला, बाहेरच्या ओळीची उंची आत आणली, अक्षरांची रुंदी धरून नाव कुठे पडेल याचा हिशेब मांडला. खडूने चौकोन आखला. पाणी लावलं. थांबला. सुरी सरकवली.

गिलाव्याचा तुकडा अलगद हातात आला.

खाली नाव नव्हतं.

खाली हात होता. पूजेला उंचावलेला, तळवा समोर केलेला. विटकरी रंगाचा. मनगटात निळं कडं, आणि ते निळं असं की साहेबाने तसं निळं अकरा हिवाळ्यांत पाहिलं नव्हतं. नखं पांढरी होती. रंगवणाऱ्याने अंगठ्याच्या नखाला एक बारीकशी रेघसुद्धा काढली होती.

फॅरोंच्या भिंतींवर असे हात हजारो असतात, त्यात नवल काही नाही. पण साहेब मागे सरकला आणि जमिनीवर बसला. टाय, टोपी, सगळ्यासकट चिखलात बसला.

“काय झालं?” अबूनांनी विचारलं.

साहेबाचा हात कोटाच्या छातीकडे गेला.

“छाती का?”

साहेबाने मान हलवली. कोटाच्या आतल्या खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं. आत तंबाखू नव्हती. कापसात गुंडाळलेला चुन्याचा एक टवका होता. त्यावर लाल रेषेत दोन बोटं काढलेली होती. बाकीचा हात नव्हता.

“माझं पहिलं काम,” तो म्हणाला. “तिशीचा होतो. लहानसं गाव, लहानसं चर्च. हॅना नावाची एक म्हातारी ते झाडायची. उत्तरेच्या दारावर चुन्यात एक डाग होता. मला तो डागच वाटला. ती दर रविवारी आत येताना त्या डागाकडे बघून हात वर करायची. तिची आईही करायची म्हणे. मी तिला वेडी समजलो. विचारलंही नाही.”

“हं...”

“चार माणसं लावून तीन दिवसांत सगळं खरवडलं. शनिवारी ती झाडायला आली. दारापाशी थांबली. हात सवयीने वर गेला... आणि अर्ध्यावर राहिला.”

साहेबाने डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

“मग ती म्हणाली, ‘आभारी आहे साहेब, फार स्वच्छ झालं.’ आणि तो सगळा ढिगारा झाडून तिने बाहेर नेला. त्यात हे सापडलं मला. चुन्याखाली कोणीतरी उभं होतं, अबूना. हात वर करून. सहाशे वर्षं लोकांना ये म्हणत होतं. त्या दोघी मायलेकी त्याला उत्तर देत होत्या.”

“मग तू थांबलास?”

“नाही.” साहेबाने डबीकडे पाहिलं. “पुढे आणखी सदतीस खरवडली.”

“का?”

“थांबलो असतो तर पहिलं चुकलं, असं झालं असतं.”

बाहेर कोणीतरी गाढव हाकत गेलं.

“मी काही तुझ्याहून शहाणा नव्हतो,” अबूना म्हणाले. “माझी भिंत संपली, म्हणून थांबलो.”

त्यांनी डबीतून टवका उचलला. तळहातावर ठेवला, उजेडाकडे धरला. मग आपला उजवा हात वर केला. दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला करावा, तसा त्या दोन बोटांना केला.

साहेब रडला. चौतीस वर्षं डबी खिशात बाळगली होती. त्या बोटांना उत्तर द्यायचं मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

अबूनांनी टवका त्याच्या हातात परत दिला आणि घागर हलवून पाहिली.

“पाणी संपलं. घेऊन येतो.”

“मी आणतो.”

“तू सांडतोस.”

अबूना गेले. विहीर लांब होती आणि त्यांचे पाय हळू होते.

साहेब एकटा उरला. त्याने डोळे पुसले आणि उघड्या चौकोनाकडे पुन्हा पाहिलं. तेव्हा त्याला दिसलं. हाताच्या पलीकडे, चौकोनाच्या अगदी काठावर, एक उभी रेघ होती आणि रेघेपलीकडे एका चिन्हाचा अर्धा भाग. बोरूच्या पानाचा. ओळ तिथूनच पुढे जात होती. त्याचा हिशेब चुकला होता तो चार बोटांनी. नाव तिथेच होतं, चार बोटांवर.

सुरी त्याच्या मांडीवर होती. दालनात कोणी नव्हतं.

पुढे तिथे काय झालं ते कोणी पाहिलेलं नाही. मीही सांगणार नाही. वाचणाऱ्याने स्वतःला त्या जागी बसवून बघावं.

अबूना परत आले तेव्हा साहेबाचा कोट खुंटीला होता. टाय कोटाच्या खिशात. कफ काढलेले, बाह्या दंडापर्यंत सारलेल्या. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गारा मळत होता. सुरी कोनाड्यात परत ठेवलेली होती.

“नाव वाचलंस?”

“नाही.”

“एखादं अक्षर?”

“अर्धं.” साहेब मळत राहिला. “पानाच्या आकाराचं आहे. शेकडो नावं त्या अक्षराने सुरू होतात.”

“माझ्याआधी इथे कितीजण गिलावा करत होते कोणास ठाऊक,” अबूना म्हणाले. “एकाचंही नाव मला माहीत नाही. रोज आभार मानतो त्यांचे. अडत नाही काही.”

साहेबाने मान डोलावली. नाव नाही मिळालं याचं त्याला वाईट वाटत होतं, ते वाटायचं थांबलं नव्हतं. पण त्या वाईट वाटण्याखाली त्याला दुसरंही काही जाणवत होतं. त्या अनोळखी भाऊबंदाने रंगवून घेतलेला हात त्याने पाहिला होता, नखावरच्या रेघेसकट. अकरा हिवाळ्यांना एवढं पुष्कळ झालं, असं त्याला वाटलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“आधी नुसता गाळ,” अबूनांनी सांगितलं. “बारीक, भुशाशिवाय. मग गारा.”

साहेबाने गाळ घेतला आणि भिंतीला लावला. गाळ खाली ओघळला. पुन्हा लावला. पुन्हा ओघळला. अकरा नवी चर्चं बांधलेल्या माणसाला वीतभर गिलावा जमेना.

“बोटांनी नाही. तळव्याने.”

“असं?”

“दाबू नकोस. टेकव... तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावतोस, तसा.”

साहेबाने तळवा टेकवला. या वेळी गाळ राहिला. निळं कडं गेलं, बोटं गेली, शेवटी अंगठ्याचं नख गेलं. मग त्यावर गारा आला.

ओल्या गाऱ्यापुढे साहेब थांबला. त्याने डबी उघडली, टवका काढला आणि अबूनांकडे पाहिलं.

“इथे चालेल का हा? परक्या गावचा आहे.”

“मीही मूळचा नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा आहे.”

साहेबाने टवका गाऱ्यात बसवला. दोन बोटं वर केलेली, समोर बघणाऱ्याकडे. त्याने पुन्हा गाळ हातात घेतला आणि अडखळला.

“झाकू?”

“झाक. पण वरचा थर पातळ दे. तुझ्या त्या म्हातारीला चुन्यातून दिसायचं ना?”

साहेबाने थर दिला. पातळ, पाण्यासारखा. हात फिरवला, पुन्हा फिरवला. आता तिथे एक फिकट डाग तेवढा दिसत होता. ज्याला ठाऊक आहे त्याला बोटं दिसली असती.

सूर्य देवळामागच्या डोंगराकडे उतरला होता. गावातून माणसं प्रार्थनेला येऊ लागली होती.

“सोमवारी मजूर येणार,” साहेब एकदम आठवून म्हणाला. “खात्याला मी लिहीन. वास्तुकार म्हणून लिहीन, विद्वान म्हणून लिहीन की हे दालन आहे तसंच राखायचं. माझं ऐकतील ते. पण ती माणसं निघाली असतील. आता परत कशी पाठवू?”

“परत कशाला पाठवतोस?” अबूनांनी दक्षिणेच्या भिंतीकडे हात केला. तिथला गिलावा पोपडे धरून सुटत होता. “ही दोन वर्षं राहिलीय. माझे गुडघे आता शिडी चढत नाहीत. कसं करायचं या काळजीत होतो... वीस माणसं पाठवलीस तू. सकाळीच आभार मानले ना मी?”

साहेबाने त्या भिंतीकडे पाहिलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला, आणि खोकता खोकता पुन्हा हसायला.

“जन्मभर लोकांनी माझे आभार मानले, अबूना,” तो म्हणाला. “मला मात्र हॅनाचे मानायचे राहून गेले. चौतीस वर्षं उशीर झाला.”

“मग आणखी करू नकोस. चल, वेळ झाली.”

अबूना दालनाच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. गावातली माणसं एकेक करून हात धुऊन आत गेली. साहेब उठला. पाठ धरली होती, ती सरळ केली आणि सवयीने घागरीकडे वळला.

“कुठे निघालास?”

“हात धुवायला.”

अबूनांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल होता, नखांत भुसा अडकला होता, तळव्यावरचा गाळ सुकून तडकत होता.

“आज राहू दे,” ते म्हणाले. “असाच ये.”